संकेतस्थळ कोणाच्या सोयीचे?

आजचे युग संगणकाचे आहे, हे वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे की ते लिहिताना लेखणीलाही कंटाळा यावा. दुकान, बँक, सरकारी कचेरी, साऱ्यांची संकेतस्थळे निघाली. पण दार उघडले म्हणजे पाहुण्याचे स्वागत झाले, असे थोडेच आहे? येणारा माणूस कोणते काम घेऊन येणार, याचा विचार दार बांधणाऱ्याने केला होता काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

सातबाऱ्याचेच उदाहरण घ्या. ‘महाभूलेख’वर उतारा पाहण्याची सोय झाली, तेव्हा तिचे कौतुक झाले. परंतु तो उतारा केवळ माहितीपुरता होता. कायदेशीर कामाला चालत नसे. शेतकऱ्याला आपली जमीन तोंडपाठ असते. उतारा त्याला पाहायचा नव्हता, पीककर्जासाठी बँकेत द्यायचा होता! म्हणून पडद्यावर तो दिसला तरी तलाठ्याकडची खेप चुकत नसे. मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, तेव्हा कुठे ती खेप वाचली. जमीन तीच, नोंद तीच. भर पडली ती एका स्वाक्षरीची. पण तेवढ्यानेच ‘दाखवणे’ आणि ‘काम करून देणे’ यांतील अंतर मिटले.

याची दुसरी बाजू आपल्या जिल्ह्याने 2020 च्या खरिपात भोगली. ऑक्टोबरातील अतिवृष्टीत सोयाबीन पाण्यात गेले. नुकसानीची सूचना 72 तासांच्या आत द्यावी, ही पीकविम्याची अट. शिवारात गुडघाभर पाणी असलेल्या माणसाला एकच गोष्ट सांगायची असते : ‘माझे पीक गेले.’ पण तेवढे सांगणे पुरेसे नव्हते. ठरल्या मुदतीत, ठरल्या मार्गानेच ते सांगायला हवे होते. सरकारी पंचनामे होऊनही, वेळेत सूचना नाही म्हणून असंख्य शेतकऱ्यांना भरपाई नाकारली गेली. अखेर मे 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. जे काम चार ओळींत व्हावे, त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागावी, हे कशाचे लक्षण?

कोणी म्हणेल, नियम नसतील तर लबाडांचे फावेल. खरे आहे. पण लबाडाला अडवण्यासाठी रचलेल्या कुंपणात प्रामाणिक माणूसच अडकत असेल, तर कुंपणाची जागा बदलायला नको काय?

व्यापारालाही हेच लागू आहे. आपल्या भूम भागातील खवा प्रसिद्ध आहे. उद्या एखाद्या तरुणाने त्यासाठी संकेतस्थळ काढले, तर त्यावर आधी संस्थापकाचे छायाचित्र आणि मनोगत झळकेल! गिऱ्हाइकाला मात्र तीनच गोष्टी हव्या असतात : भाव काय, माल कधी पोहोचेल आणि किती दिवस टिकेल? त्यांची उत्तरे पहिल्याच पानावर देणारा धंदा करील. व्यापारातील नवा विचार म्हणतात तो याहून वेगळा नसावा.

आम्ही कला शाखेचे विद्यार्थी. संगणकाचे अंतरंग आम्हाला फारसे कळत नाही. पण समोरच्याच्या जागी उभे राहून पाहणे, हाच तर आमच्या अभ्यासाचा विषय. संकेतस्थळ बांधण्यापूर्वी चार दिवस बाजार समितीत, बँकेच्या रांगेत आणि तहसीलच्या ओट्यावर बसावे. लोक कोणते काम घेऊन येतात, हे तिथे कळते. यंत्र त्यानंतर आणावे.