रद्दीतला घास

छापील वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधून देऊ नयेत, असे भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ च्या डिसेंबरात बजावले. २०१८ च्या पॅकेजिंग विनियमांत त्या सूचनेला कायद्याचे रूप आले. २०२३ मध्ये प्राधिकरणाला तोच इशारा पुन्हा द्यावा लागला. तीच गोष्ट वारंवार सांगावी लागते, तेव्हा दोष केवळ विक्रेत्याच्या अज्ञानात नसून व्यवहाराच्या रचनेतही आहे, हे मान्य करावे लागते.

गरम भजी रद्दीवर ठेवताच शाईतील द्रव्ये तेलात उतरतात, हे सहज पटते. परंतु प्रश्न तेवढ्यावर संपत नाही. रद्दीचा लगदा करून शाई काढली, तरी तिच्यातील खनिज तेल पूर्णपणे निघत नाही. अशा लगद्याच्या स्वच्छ दिसणाऱ्या पुठ्ठ्यातून ते वायुरूपाने तांदूळ, शेवया यांसारख्या कोरड्या पदार्थांतही शिरते, हे झुरिक येथील शासकीय प्रयोगशाळेने दाखवून दिले. आतली साधी पॉलिथीनची पिशवी त्याला अडवू शकत नाही. ॲल्युमिनियमचे अस्तर अडवू शकते. या तेलातील काही घटक कर्करोगास कारण ठरू शकतात, असा अभिप्राय युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये दिला होता.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथील हिशेब अपुरा आहे. रद्दी विकणाऱ्याला भाव मिळतो, वडेवाल्याचा खर्च वाचतो, गिऱ्हाइकाला वडा स्वस्त पडतो. आरोग्याची किंमत मात्र कोणाच्याच वहीत मांडली जात नाही. नफा आज हाती येतो, हानी झाली तर ती अनेक वर्षांनी दिसते, आणि तेव्हा तिचा धनी शोधून सापडत नाही. अशा ठिकाणी बाजार आपोआप शहाणा होत नाही.

म्हणून पुनर्वापरच सोडून द्यावा, असे मात्र नव्हे. कागद वाचविणे इष्टच आहे. पण त्या पुठ्ठ्याची जागा बाहेरच्या खोक्यात आहे, अन्नाला लागून नव्हे. हातगाडीवाल्याला केवळ दंडाचा धाक दाखविण्याऐवजी कोरा कागद, पळसाचे द्रोण रद्दीच्या आसपासच्या दरात मिळतील अशी व्यवस्था हवी. फ्रान्सने छपाईच्या शाईतील खनिज तेलांवरच निर्बंध घातले, कारण दोष उगमापाशी रोखणे स्वस्त पडते. तेव्हा या प्रश्नातून वर्तमानपत्रांनाही अंग काढून घेता येणार नाही. सकाळी वाचकाच्या हाती दिलेला कागद संध्याकाळी त्याच्याच मुलाच्या घासाखाली येत असेल, तर त्यावरील शाईची जबाबदारी छापणाऱ्याकडेही जाते.