क्वांटम इंजिन, कौटुंबिक न्यायालय आणि आपली पीएचडी

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विधान परिषदेत संशोधक विद्यार्थ्यांच्या फेलोशिपचा विषय निघाला. तेव्हा पीएचडी करून ही मुले काय दिवे लावणार आहेत, अशा अर्थाचे उद्गार तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी काढले. चर्चा सारथीच्या फेलोशिपवर होती, पण ते शब्द बार्टी आणि महाज्योतीच्या विद्यार्थ्यांनाही तितकेच लागले. पुढे खुलासे झाले, वाद निवळला. प्रश्न मात्र निवळला नाही. कारण तो फक्त सत्तेत बसलेले विचारत नाहीत, आपल्या वस्तीत आणि आपल्या घरातही विचारला जातो. "इतकी वर्षे शिकून काय करशील? एमपीएससी दे, नाही तर बँकेची परीक्षा दे." जो मुलगा किंवा मुलगी घरातून पहिल्यांदाच विद्यापीठापर्यंत पोहोचली, तिने हे वाक्य ऐकलेले असतेच.

या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर भावनेने नको, उदाहरणाने देऊ. रामदासपेठेत राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचे ग्रंथालय आहे. १९२३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात शंभर वर्षांत किती तरी विषयांवर प्रबंध झाले. संशोधनाचे दोन विषय आपण येथे घेऊ. एक, क्वांटम उष्णता इंजिन. दुसरा, कौटुंबिक न्यायालयातील समाजकार्य. पहिला ऐकताच कोणीही म्हणेल, याचा आपल्या समाजाशी काय संबंध? दुसरा ऐकून म्हणेल, हा आपला विषय. आमचे म्हणणे असे की हे दोन्ही आपले विषय आहेत, आणि ही वाटणीच आपले नुकसान करते.

कोराडीच्या चिमणीपासून एका अणूपर्यंत

उष्णता इंजिन म्हणजे काय हे नागपूरकराला वेगळे सांगायला नको. कोराडीचे औष्णिक वीज केंद्र हे एक प्रचंड उष्णता इंजिनच आहे. कोळसा जाळून वाफ तयार होते, वाफ टर्बाइन फिरवते आणि उरलेली उष्णता कूलिंग टॉवरमधून बाहेर पडते. सगळ्या उष्णतेचे काम का होत नाही, हा प्रश्न फ्रान्सच्या सादी कार्नो या तरुण अभियंत्याने १८२४ मध्ये सोडवला. गरम बाजू आणि थंड बाजू यांच्या तापमानावरून इंजिनाची कमाल मर्यादा ठरते. वाफ ५४० अंश सेल्सिअस आणि थंड बाजू ४० अंश धरली, तर ही मर्यादा सुमारे ६१ टक्के येते. प्रत्यक्षात कोळशाची वीज केंद्रे ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपासच राहतात. बाकीची उष्णता वाया जाते. कोळसा मात्र पूर्ण जळतो, आणि राख आसपासच्या गावांच्या वाट्याला येते.

आता प्रश्न असा की हे इंजिन लहान करत करत एका अणूएवढे केले तर कार्नोचा नियम लागू राहतो का? १९५९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्कोविल आणि शुल्झ-डुबोआ यांनी दाखवले की तीन ऊर्जापातळ्यांचे मेसर हे उष्णता इंजिन मानता येते आणि त्यालाही कार्नोची मर्यादा लागू पडते. ही या विषयाची सुरुवात. २०१६ मध्ये जर्मनीतील माइन्झ विद्यापीठात कॅल्शियमच्या एकाच आयनावर इंजिन चालवून दाखवण्यात आले. त्याची कार्यक्षमता पाव टक्क्याच्या आसपास होती. त्याने दिवाही लागला नसता. पण दोनशे वर्षांपूर्वी वाफेच्या इंजिनासाठी लिहिलेले गणित एका कणावर तपासता आले, हे त्याचे मोल. त्याच वर्षी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी जिवाणू असलेल्या द्रवात एका सूक्ष्म मण्याचे इंजिन चालवून दाखवले. ते क्वांटम नव्हते, पण इंजिन लहान झाल्यावर नियमांचे काय होते हा प्रश्न तोच होता.

याचा उपयोग काय? क्वांटम संगणकाचे क्यूबिट निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड ठेवावे लागतात. २०२५ मध्ये स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातील गटाने असा एक क्वांटम शीतक प्रसिद्ध केला की जो उष्णतेच्या प्रवाहावरच चालतो आणि क्यूबिट थंड करून पुन्हा कामाला तयार करतो. म्हणजे उष्णता इंजिनच, फक्त उलटे चालवलेले. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. त्यासाठी २०३०-३१ पर्यंत ६,००३.६५ कोटी रुपये ठेवले. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, आयआयटी मद्रास, आयआयटी मुंबई आणि आयआयटी दिल्ली येथे चार केंद्रे उभी राहिली. या पैशातून संशोधक घडतील, प्रयोगशाळा उभ्या राहतील, कंपन्या निघतील. त्यांत आपली मुले किती असतील?

आयआयटींतील प्राध्यापकांत अनुसूचित जातींचे प्रमाण १५ टक्के आरक्षणाच्या खूप खाली आहे, हे संसदेतील उत्तरांतून वारंवार समोर आले आहे. २०१९ मध्ये शिक्षक पदांच्या आरक्षणाचा कायदा होऊनही चित्र फारसे बदललेले नाही. "पात्र उमेदवार मिळत नाहीत" हे उत्तर तयारच असते. ते खोडून काढायचे तर पदार्थविज्ञानात, गणितात, संगणकशास्त्रात संशोधन करणारी मुले हवीत. क्वांटम उष्मागतिकीचे बरेच काम तर कागद, पेन्सिल आणि साध्या संगणकावर होते. अडचण शोधनिबंध मिळण्याची असायची. जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजनेत सरकारी विद्यापीठांना सुमारे १३ हजार नियतकालिके खुली झाली आहेत. आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन ही सोय कशी वापरायची ते विचारा. ते विचारण्याचा हक्क प्रत्येक विद्यार्थ्याचा आहे.

कौटुंबिक न्यायालयात आपली बहीण

आता दुसरा विषय. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चा. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा हे वाद फौजदारी किंवा दिवाणी खटल्यासारखे लढवले जाऊ नयेत, म्हणून हा कायदा आला. वकील लावणे हा त्यात पक्षकाराचा हक्क मानलेला नाही, न्यायालयाच्या परवानगीने वकील येतो. समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरवले आहे. समाजकल्याण संस्थांचे सहकार्य घेण्याची आणि समुपदेशक नेमण्याची तरतूद कायद्यातच आहे. महाराष्ट्रात या न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात आणि त्यांतले अनेक जण समाजकार्याची पदवी घेऊन आलेले असतात. नागपुरात मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था आणि तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय आहे. आपल्या वस्त्यांतील शेकडो मुले-मुली एमएसडब्ल्यू करतात. म्हणजे या विषयात आपण टेबलाच्या दोन्ही बाजूंना आहोत, समुपदेशकाच्या खुर्चीत आणि समोरच्या बाकावरही.

मग संशोधकाने काय शोधायचे? धुणीभांडी करणारी बाई तारखेला येते तेव्हा तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. निकालापर्यंत असे किती दिवस जातात? पोटगीचा आदेश झाल्यावर पैसे किती महिन्यांनी हातात येतात? "संसार मोडू नका" हा सल्ला आणि "तुझ्यावर हिंसा झाली आहे" ही नोंद, यांत समुपदेशक तोल कसा राखतो? आंतरजातीय लग्नात जात भांडणाच्या मुळाशी असेल, तर ती समुपदेशनाच्या टिपणात लिहिली जाते की "स्वभाव जुळत नाही" एवढेच लिहून विषय संपतो? हे प्रश्न वकिलाला पडतीलच असे नाही. आपल्या वस्तीतून आलेल्या समाजकार्याच्या विद्यार्थिनीला ते पडतात. अर्थात तिच्यावर जबाबदारीही मोठी आहे. समुपदेशकासमोर झालेले बोलणे गोपनीय असते, कामकाज बंद दाराआड चालू शकते. अभ्यासात कोणाचे घर ओळखू येता कामा नये.

आपल्यासाठी यात आणखी एक गाठ आहे. बौद्ध जोडप्याचा घटस्फोटाचा अर्ज हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली दाखल होतो, कारण त्या कायद्याच्या कलम २ मध्ये बौद्ध, जैन आणि शीख समाविष्ट आहेत. कलम ७ म्हणते की लग्न वधू किंवा वर पक्षाच्या रूढीप्रमाणे व्हावे. आणि कायद्याच्या व्याख्येत रूढी म्हणजे दीर्घकाळ सतत पाळला गेलेला प्रघात. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपण बौद्ध पद्धतीने लग्ने लावू लागलो. हा विधी कायद्याच्या अर्थाने रूढी ठरतो का, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. नवरा जेव्हा "आमचे लग्नच झाले नव्हते" असे म्हणतो, तेव्हा या वादाचा फटका पोटगी मागणाऱ्या बाईला बसतो.

२००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाह नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह कायद्याखालचे लग्न सिद्ध होत नाही. म्हणजे विधीही हवा, नोंदणीही हवी. किती विहारांत लग्न लागल्यावर नोंद ठेवली जाते? किती जोडपी पुढे नोंदणी करतात? किती जणांना विशेष विवाह कायदा, १९५४ चा पर्याय माहीत असतो? स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी जुनी आहे. पण ती मांडताना सभेतल्या भाषणांपेक्षा शंभर खटल्यांचा नीट केलेला अभ्यास जास्त वजनदार ठरेल. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. स्त्रीला घटस्फोटाचा आणि वारशाचा हक्क मिळावा हा त्या लढ्याचा गाभा होता. त्या हक्काचे न्यायालयाच्या दारात काय होते, हे मोजणे आपले काम आहे.

"आपला विषय" कोणी ठरवायचा?

दोन्ही विषय समोर ठेवले की एक गोष्ट दिसते. आपल्या मुलांना नकळत एकाच वाटेने ढकलले जाते. मार्गदर्शक म्हणतात, "तुम्ही दलित साहित्य घ्या, आंबेडकरी चळवळ घ्या." चळवळीतले ज्येष्ठही तेच म्हणतात. ते विषय मोठेच आहेत, त्यात शंका नाही. पण आपण फक्त आपल्या दुःखाचाच अभ्यास करावा आणि विश्वाचा अभ्यास इतरांनी करावा, ही ज्ञानातली नवी वर्णव्यवस्था झाली.

बाबासाहेबांनी ही वाटणी मानली नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. १९२३ मध्ये लंडनमध्ये त्यांनी डीएस्सी मिळवली ती रुपयाच्या प्रश्नावर. चलन आणि सुवर्ण विनिमय हा त्या काळी अस्पृश्यांच्या वस्तीत कोणाला "आपला विषय" वाटला असता? तरी त्याच अभ्यासाच्या बळावर त्यांनी हिल्टन यंग आयोगासमोर साक्ष दिली. जात आणि रुपया, दोन्ही त्यांचेच विषय होते.

आणि फेलोशिपचे काय होते, हेही त्यांच्याच आयुष्यात दिसते. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये अमेरिकेला गेले. मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पुढे सिडनहॅम महाविद्यालयातल्या नोकरीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचा हात, यावर ते १९२० मध्ये पुन्हा गेले. तीन वर्षे अशी गेली. आजच्या विद्यार्थ्याची तीन वर्षे कोण भरून देणार?

२०२३ मध्ये बार्टीच्या ८६१ संशोधकांना फेलोशिपसाठी मुंबईत आझाद मैदानावर ठिय्या द्यावा लागला. त्याच वर्षी संस्थांना समान धोरण लावून जागा २०० वर आणण्याचा निर्णय झाला. डिसेंबरमधील चाळणी परीक्षेत २०१९ च्या सेटचीच प्रश्नपत्रिका आल्याने ती वादात सापडली. पुढच्या तुकडीला निम्मी फेलोशिप देण्याचे ठरले आणि मुले पुन्हा रस्त्यावर आली. केंद्राने २०२२ मध्ये मौलाना आझाद फेलोशिप बंद केली, ती बौद्धांसह सहा अल्पसंख्याक समाजांसाठी होती. कागदावर १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाला महिना ३७,००० आणि वरिष्ठाला ४२,००० रुपये, असे यूजीसीचे दर आहेत. पण खोलीचे भाडे दर महिन्याला द्यावे लागते आणि फेलोशिप वर्षाने येते. तेव्हा सर्वात आधी गळतात त्या मुली आणि खेड्यातून आलेली मुले.

आपण काय करायचे

पहिले, हिशोब मागा. किती जणांची निवड झाली, किती महिन्यांची रक्कम थकली, किती जणांनी संशोधन सोडले, हे माहिती अधिकारात विचारा. विद्यापीठ, बार्टी आणि समाजकल्याण विभाग यांना वेगवेगळे अर्ज करा आणि उत्तरे जाहीर करा.

दुसरे, प्रबंध वाचा. पीएचडी मिळाली की आपण फ्लेक्स लावतो, शाल देतो, फोटो काढतो. प्रबंधात काय आहे हे कोणी विचारत नाही. महिन्यातून एका रविवारी विहारात एका संशोधकाला बोलवा. त्याने किंवा तिने तासाभरात साध्या मराठीत आपला विषय सांगावा. कालाम सुत्त मानणाऱ्या समाजाने प्रश्न विचारायला घाबरू नये, आणि संशोधकानेही.

तिसरे, विहारात लग्न लागताच नोंदणीचे अर्ज तिथेच भरून घ्या. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना हे काम द्या. पाच वर्षांनी तीच नोंद एखाद्या बहिणीचा पुरावा ठरेल.

चौथे, बारावीत विज्ञान घेतलेल्या मुलाला अभियांत्रिकी आणि मेडिकल एवढ्याच दोन वाटा सांगू नका. मूलभूत विज्ञानात एमएस्सी आणि पुढे संशोधन करता येते हेही सांगा, आणि तो त्या वाटेने निघाला तर "याचा उपयोग काय" हा प्रश्न पहिल्याच दिवशी त्याच्या पाठीवर लादू नका.

फेलोशिपच्या रांगेत दोन्ही प्रकारचे संशोधक एकाच यादीत असतात. त्यांचा लढाही एकच आहे. आझाद मैदानावर बसलेल्यांना कोणी विषय विचारून उठवले नव्हते. आपणही विषय बघून पाठिंबा देऊ नये.

जय भीम, नमो बुद्धाय.