तीस इंचांची किंमत

शॉर्ट स्केल बेस गिटार घ्यायला निघालेल्या माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, स्वस्तातला घेऊ नकोस, ते लहान मुलांचं खेळणं आहे. दुसरा म्हणतो, महागड्यात काही नसतं, नुसते नावाचे पैसे. दोन्ही सल्ले फसवे आहेत, कारण वाद्यावर खर्च झालेला पैसा नेमका कुठे जातो हे दोघांनीही पाहिलेलं नसतं.

आधी खेळण्याचा आक्षेप. 1961 साली हॅम्बुर्गमध्ये पॉल मॅकार्टनीने व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर 500/1 घेतला, तो साधारण 30 पौंडांना. फेंडरचा बेस 100 पौंडांच्या घरात जात होता आणि तेवढी ऐपत तेव्हा नव्हती. हॉफ्नरचं अंग दोन्ही बाजूंनी सारखं, त्यामुळे डावखुऱ्या वादकाच्या हातातही तो उलटा धरल्यासारखा दिसत नाही, हेही त्याला आवडलं. ‘लव्ह मी डू’ याच बेसवर वाजलं. आज जर्मनीत घडणारा 500/1 चैनीची वस्तू म्हणून मिरवतो. तोच तेव्हा खिशाला परवडणारा पर्याय होता! फेंडरने 1966 मध्ये आणलेला मस्टँग बेसही विद्यार्थ्यांसाठीच होता आणि पुढे टॉकिंग हेड्सच्या टीना वेमथच्या हातात दिसला. दुसऱ्या टोकाला बेसवादक स्टॅन्ली क्लार्क. त्याचा अलेम्बिक बेस कॅलिफोर्नियात हाताने घडवलेला, अतिशय महाग, आणि शॉर्ट स्केलच. त्याचा 1976 चा ‘स्कूल डेज’ अल्बम ऐकल्यावर आखूड तारेत दम नसतो हे म्हणणं टिकत नाही.

आखूडपणाचा परिणाम मात्र खरा आहे. नेहमीच्या बेसची तार नटपासून ब्रिजपर्यंत 34 इंच, म्हणजे सुमारे 864 मिलिमीटर असते. शॉर्ट स्केलची 30 इंच, म्हणजे 762. तार तीच आणि सूर तोच ठेवला तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून इथे तो जवळजवळ 22 टक्क्यांनी उतरतो. पहिल्या फ्रेटची जागा साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटरवरून त्रेचाळीसच्या आसपास येते आणि लहान पंजाला हायसं वाटतं. पण सर्वांत जाड, खर्जातली ई तार सैल पडते, जोरात छेडली की लोळते. हा हिशेब स्वस्त-महाग पाहत नाही. लाखाची किंमत मोजली तरी तीस इंचांचे चौतीस होत नाहीत. उपाय दोघांनाही एकच: थोड्या जाड, शॉर्ट स्केलसाठीच बनवलेल्या तारा. लांब बेसच्या तारा चढवल्या तर त्यांचा जाड भाग खुंटीभोवती गुंडाळला जातो आणि वरचं वेटोळं उसवण्याची भीती राहते.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे? ‘सगळं सारखंच’ म्हणणाऱ्यांनी स्क्वायरचा आधीचा ब्रॉन्को उघडून पाहावा. चार तारांना ब्रिजवर दोनच सॅडल. दोन तारांच्या जोडीला एकच सॅडल असल्यामुळे एक तार वरच्या फ्रेटवर सुरात आणली की शेजारची थोडी घसरते. झाकणाखालचा पिकअप गिटारचा, सहा तारांच्या हिशेबाने बसवलेला. ही काटकसर कानाला जाणवते आणि ती नाकारणं हा खोटेपणा आहे. महागड्या वाद्यात चार तारांना चार सॅडल, बेससाठीच गुंडाळलेला पिकअप, हाताला न टोचणारी फ्रेटची टोकं आणि नीट कापलेला नट मिळतो. हे कारागिराच्या वेळेचे पैसे आहेत आणि ते योग्यच आहेत.

तरीही महाग म्हणजे निर्दोष नव्हे. जर्मन हॉफ्नरचा लाकडी ब्रिज खिळ्या-स्क्रूने बसवलेला नसतो. तारांच्या दाबानेच जागेवर राहतो. सगळ्या तारा एकदम काढल्या की तो सरकतो आणि सूर पुन्हा शोधावा लागतो. हॉफ्नरच्याच, चीनमध्ये बनणाऱ्या स्वस्त ‘इग्निशन’ मॉडेलची रचनाही हीच. उलट हॉफ्नरच्या मधल्या किमतीच्या ‘कंटेम्पररी’ मॉडेलमध्ये पोकळ अंगाच्या मध्यभागी लाकडाचा ठोकळा असतो. त्याने सूर जास्त वेळ टिकतो आणि मोठ्या आवाजात फीडबॅक कमी होतो. मोठ्या मंचावर उभ्या राहणाऱ्या वादकाला हा मधला बेसच जास्त उपयोगी पडू शकतो, आणि दुकानात हे सांगणारे फार थोडे भेटतात.

तंबोऱ्याची जवारी नीट लागेपर्यंत तो बोलत नाही, हे मिरजेच्या कारागिरांना सांगावं लागत नाही. बेसचंही तसंच आहे. स्वस्त बेस घेणाऱ्याने उरलेल्या पैशातले काही आधी चांगल्या सेटअपवर खर्च करावेत: फ्रेट समतल करणं, नटच्या खाचा, मानेचा बाक. त्यावर गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा चढवल्या की वाद्याचा स्वभावच बदलतो. दुकानात किमतीची चिठ्ठी वाचण्याआधी ई तारेवर बारावा फ्रेट दाबावा, मग तीच तार मोकळी छेडावी. दोन सूर बरोबर एका सप्तकाच्या अंतरावर लागत नसतील तर सॅडल मागे-पुढे करून ते जुळतात का पाहावं. जुळले तर तो बेस घ्यायला हरकत नाही, मग तो बनलेला कुठेही असो.