सामरी परवडला, डाकीण नको

दिवसभर जिल्हा परिषदेच्या बैठका, मिरचीचे भाव, घाटात बंद पडलेल्या एसटीच्या बातम्या करायच्या आणि रात्री घरचे झोपले की हेडफोन लावून भुताचा पिच्चर बघायचा, हा माझा कित्येक वर्षांचा रिवाज. त्यामुळे आज राजकारण नाही. आज भुतं. गाडी शेवटी आपल्या जिल्ह्यावरच येणार आहे, काळजी करू नका.

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग काय शिव्या घालायच्या त्या घाला. भुताच्या पिच्चरला पैसा लागत नाही. पैसा जास्त झाला की भूत बिघडतं. आणि रिमेक म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही, कारण भुताची गोष्ट ही मुळातच उसनी असते. आजीने तिच्या आजीकडून घेतलेली, आणि सांगताना वड आपल्या गावचा लावलेला.

नव्वदच्या आसपास आमच्या गल्लीत वर्गणी काढून व्हीसीआर आणि कलर टीव्ही भाड्याने यायचा. सकाळी सेट परत द्यायचा असायचा, म्हणून एका रात्रीत तीन-चार कॅसेटी संपवायच्या. पहिला देवाधर्माचा, म्हाताऱ्या माणसांसाठी. दुसरा मिथुनचा. आणि रात्री दोननंतर, बाया-पोरं पेंगायला लागली की, रामसे. 'पुराना मंदिर', 'वीराना', 'बंद दरवाजा'. पेंगल्याचं सोंग घेऊन गोधडीच्या फटीतून हे सगळे पिच्चर बघणाऱ्या पोरांपैकी मी एक.

रामसे मंडळींना लोक हसतात. हसा. पण त्यांचं काम कसं चालायचं ते ऐका. फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आलेलं कुटुंब, बापाचं रेडिओचं दुकान. १९७० साली त्यांनी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला, तो पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून चोरी करतात असा एक प्रसंग होता. तुलसी आणि श्याम या भावांनी थिएटरात जाऊन बघितलं, तर लोक त्या एका प्रसंगासाठी येत होते. झालं. १९७२ ला 'दो गज जमीन के नीचे' आला आणि पुढची वीस वर्षं घरच्या घरी कारखाना चालला. सात भाऊ. दोघं दिग्दर्शनात, एक कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, एक कात्री घेऊन एडिटिंगला, एक लिहायला. युनिट महाबळेश्वरला न्यायचं, सरकारी विश्रामगृहात उतरायचं, जेवण घरच्या बायकांनी रांधायचं. आपल्याकडे तमाशाचा फड असाच चालायचा की.

आणि त्यांचं भूत कोण? १९८४ च्या 'पुराना मंदिर'मधला सामरी. अनिरुद्ध अग्रवाल नावाचा रुरकीहून इंजिनीअर झालेला उंच माणूस. चेहरा मुळातच वेगळा, त्यावर थोडं रंगकाम. बास. पुढच्याच वर्षी त्याच्याच नावाने 'सामरी' आला, तोही थ्रीडीत.

त्या काळच्या राक्षसाची एक गोष्ट मला फार आवडते. त्याचा मुखवटा कळून यायचा. मानेजवळ रबर सुटलेलं दिसायचं, हाताचे पंजे मोज्यासारखे वाटायचे. आपण घाबरायचो, पण आपल्याला माहीत असायचं की हा पिच्चर आहे. 'पुराना मंदिर' बघून कुणी गावात सामरी शोधायला निघालं नाही. सात फुटी, पांढऱ्या डोळ्यांचा माणूस आपल्या आळीत राहतच नाही, शोधणार कुणाला?

हे वाक्य लक्षात ठेवा, खाली लागेल.

आता रिमेकचं. रिमेक चांगला की वाईट हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो: भूत नव्या घरात राहायला आलं, की नुसतंच पाहुणं म्हणून आलं? १९८८ चा इंग्रजी 'चाइल्ड्स प्ले' घ्या. मरता मरता खुनी माणूस मंत्र म्हणून खेळण्यातल्या बाहुल्यात शिरतो. १९९३ ला महेश कोठारेंनी तीच कल्पना उचलून 'झपाटलेला' केला. उचलली हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण दुकानातला अमेरिकन बाहुला आपल्याकडे कोण विकत घेत होतं हो? म्हणून त्यांनी तो केला शब्दभ्रमकाराचा बोलका बाहुला. रामदास पाध्ये आणि त्यांच्या वडिलांपासूनचा अर्धवटराव महाराष्ट्राने गॅदरिंगमध्ये, टीव्हीवर बघितलेला होता. त्या बाहुल्याचा प्रत्येकाला थोडा संशय होताच, की हा रात्री पेटीत काय करत असेल? तात्या विंचू त्या संशयातून आला. दिलीप प्रभावळकरांचा आवाज, लक्ष्याचा घाबरलेला चेहरा. आज चकी कोण ते पोरांना सांगावं लागतं, तात्या विंचू सांगावा लागत नाही. याला म्हणतात भूत घरात राहायला येणं. वीस वर्षांनी 'झपाटलेला २' थ्रीडीत आला, पैसा दिसला, तात्या मात्र पाहुणा वाटला.

रामसेंनीही 'नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'वरून 'महाकाल' केला. तो मी तीनदा बघितलाय, पण शिफारस करणार नाही.

'तुंबाड'ची वंशावळ तर याहून मजेशीर. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मधलं. आजीचा धागा नारायण धारपांच्या कथेतला, आणि धारपांची ती कथा स्टीफन किंगच्या कथेवर बेतलेली. अमेरिकेतली म्हातारी धारपांच्या हातून मराठी झाली आणि राही बर्वेच्या पिच्चरमध्ये कोकणातल्या वाड्यात साखळीने बांधलेली दिसली. २०१८ ला लोकांनी फार विचारलं नाही. २०२४ ला तोच पिच्चर पुन्हा लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई. त्यातला हस्तर हा राक्षस कुणासारखा दिसतो हे महत्त्वाचं नाही, त्याच्या लंगोटीतून मोहरा काढायला जाणारा माणूस आपल्यासारखा दिसतो. तिथे भीती आहे.

कमी पैशाचं म्हणाल तर लांब कशाला, मालेगावला जा. नासिर शेखने २००० साली 'मालेगाव के शोले' केला, पुढे तिथलाच सुपरमॅनही उडाला. सायकलवर कॅमेरा, उंचावरच्या शॉटसाठी बैलगाडीचा धुरा. त्यांच्यावर आधी फैजा खानची डॉक्युमेंटरी झाली आणि २०२५ ला मुंबईवाल्यांनी मोठा पिच्चर काढला. म्हणजे रिमेक करणाऱ्यांवरच पिच्चर. खान्देशच्या पोरांना साधनं नाहीत म्हणून अडलंय, असं मला कुणी सांगू नये.

आणि आता माझा सगळ्यात आवडता, 'लपाछपी'. २०१७. विशाल फुरियाने तो मराठीत केला आणि २०२१ ला स्वतःच हिंदीत 'छोरी' म्हणून परत केला. गरोदर बाई, नवऱ्यासोबत उसाच्या शेतातल्या घरात लपायला येते. उसाची भीती काय असते हे तळोदा-शहाद्याच्या माणसाला शिकवायला नको. दोन सऱ्यांच्या पलीकडे काही दिसत नाही, वारा नसताना पाचट वाजतं, आणि आपल्याकडे तर आत खराच बिबट्या असतो. 'छोरी'त ऊस तोच, गोष्ट तीच, मीता वशिष्ठही जबरदस्त. तरी मला 'लपाछपी'च जास्त लागला, कारण उषा नाईकची तुळसाबाई आपल्या मावशीसारखी बोलते. गोड बोलते, जेवायला वाढते. शेवट फोडत नाही, पण भूत कुठलं आणि माणूस कुठला हा हिशेब पिच्चर सरळ करून टाकतो. पोटात मुलगी नको म्हणणारं घर म्हणजे राक्षस. दोन्ही भाषांत राक्षस तोच राहिला, म्हणून हा रिमेक पास.

इथून गाडी जिल्ह्यात.

मागच्या महिन्यात आपल्याकडची दोन पोरं माझ्याकडे आली. मोबाइलवर वीस मिनिटांची फिल्म केलेली, अहिराणीत, यूट्यूबवर टाकायची होती. "एवढी बातमी लाई द्या ना, भाऊ." मी बघितली. खरं सांगतो, पोरांचा हात चांगला आहे. रात्रीचं शूटिंग, मोटारसायकलच्या हेडलाइटचा उजेड, आवाज तर फारच छान पकडलेला. पण भूत कोण? गावाच्या टोकाला एकटी राहणारी विधवा म्हातारी. केस मोकळे, कपाळावर मोठं कुंकू, हातात लिंबू. शेजारचं लेकरू आजारी पडतं, भगत तांदळाचे दाणे टाकून नाव काढतो, आणि नाव खरं निघतं. शेवटी गाव तिला जाळतं आणि लेकरू बरं होतं. वर टायटल, 'डाकीण'.

मी त्यांना चहा पाजला आणि बातमी लावत नाही म्हणालो. नाराज झाली. व्हायचीच. म्हणून ही पोस्ट, म्हणजे कारण तरी नीट कळेल.

मुंबईच्या माणसासाठी डायन म्हणजे मनोरंजन आहे. २०१३ च्या एप्रिलमध्ये 'एक थी डायन' आला, त्यात डायनची ताकद तिच्या वेणीत. २०१८ च्या 'स्त्री'तही वेणीच. मल्टिप्लेक्समध्ये हे छान वाटतं. पण २०१७ ला राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेशात वेण्या कापणाऱ्या भुताची अफवा उठली आणि आग्र्याजवळ एका म्हातारीला लोकांनी त्या संशयावरून मारून टाकलं. तिचा मेकअप केलेला नव्हता. ती रस्ता चुकलेली म्हातारी होती.

आपल्याकडे तर अफवेचीही गरज नाही. अक्कलकुवा, धडगावच्या भागात डाकीण ठरवून बाईला मारल्याचे, गावाबाहेर काढल्याचे गुन्हे नोंद झालेत. अंधश्रद्धा निर्मूलनवाले कार्यकर्ते पाड्यापाड्यावर फिरून वर्षानुवर्षं याच एका शब्दाशी भांडतायत. आणि नीट खोलात गेलं की बऱ्याचदा कळतं, बाई विधवा असते, तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो, भाऊबंदांना तो हवा असतो. लेकराचा ताप हे निमित्त. आणि हे फक्त डोंगरातल्या लोकांचं, असं म्हणून शहरातल्यांनी हात झटकू नयेत. जाऊबाईने करणी केली म्हणून दहा वर्षं न बोलणारी, गाडी-बंगलावाली घरं मला नंदुरबार शहरात माहीत आहेत.

डॉ. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्यानंतर लगेच वटहुकूम आला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे रोगराई येते असं सांगून तिला त्रास देणं, मारहाण करणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, पाच ते पन्नास हजार दंड. कायदा कागदावर मजबूत आहे. पण गावात पोलीस पोचतो तेव्हा नाव काढून झालेलं असतं.

आता सामरीचं वाक्य आठवा. सात फुटी माणूस आळीत राहत नाही. एकटी म्हातारी राहते. प्रत्येक पाड्यावर, प्रत्येक गल्लीत एक असतेच. तिला राक्षस करायला रबर लागत नाही, रंग लागत नाही, केस मोकळे सोडले की झालं. म्हणून हे भूत सगळ्यात स्वस्त पडतं, आणि म्हणूनच नवीन पोरं त्याच्याकडे आधी वळतात. शिवाय आता फिल्मचे तीस सेकंद कापून, नाव-गाव काढून, व्हॉट्सअॅपवर "आपल्या चांदसैली घाटातली खरी घटना" म्हणून फिरवायला कितीसा वेळ लागतो? साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं, ते मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवर. राईनपाडा काही लांब नाही. आताशा रात्री-बेरात्री फोन येतात, "भाऊ, बसस्टँडमागे बिबट्या फिरतोय, व्हिडिओ आलाय." बघावं तर एआयने केलेला बिबट्या. पाय पाच.

काही मित्र म्हणतील, आता तू सेन्सॉर झालास का? नाही. बंदी घाला, गुन्हा दाखल करा, असलं काही मी म्हणत नाही. 'वीराना'तली चेटकीण मी आजही बघतो. डाकिणीवर पिच्चर काढूच नका असंही नाही. २०२० चा 'बुलबुल' बघा, उलट्या पायांची चुडेल आहे, पण पाय उलटे कुणी केले हेही त्यात आहे. माझं म्हणणं इतकंच की भगताने काढलेलं नाव तुमच्या फिल्ममध्ये खरं निघालं, तर तुम्ही भगताची जाहिरात फुकटात केली. तीच फिल्म, तेच वीस मिनिट, तीच म्हातारी. फक्त कॅमेरा तिच्या झोपडीच्या आत ठेवा. बाहेर टेंभे, ओळखीचे आवाज, काल तिच्याकडून ताक नेणारा माणूस सगळ्यात पुढे. यापेक्षा भयानक पिच्चर मला तरी सुचत नाही, आणि खर्च एक रुपया वाढत नाही.

नाहीतर मग सरळ राक्षस करा ना! रबराचा, पुठ्ठ्याचा, गोणपाटाचा. बोहाड्याचे मुखवटे करणारी माणसं सुरगाण्याकडे आहेत, त्यांच्याकडे जाऊन शिका. 'मुंज्या'ने २०२४ ला शंभर कोटींच्या वर धंदा केला, पिंपळावरच्या एका पोरट्या भुतावर. त्यांचा मुंज्या कॉम्प्युटरचा होता, तुमचा बाहुला असू द्या. शिवण दिसली तर दिसू द्या. मी पहिल्या रांगेत बसून घाबरेन.

त्या दोघांना फोन केला होता, उचलला नाही. ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचवा कुणीतरी. बदललेली फिल्म घेऊन आले तर बातमी फोटोसकट लावतो, आणि म्हातारीच्या कामासाठी माझी एक चुलत आत्या तयार आहे, तिला मी विचारूनही ठेवलंय. फक्त लवकर ठरवा. तळोद्याच्या रस्त्याला ऊस अजून उभा आहे, कारखान्याची तोड आली की लोकेशन गेलं. आणि आत शिरण्याआधी फटाके लावा. तो बिबट्या एआयचा नसतो.