दात दाखवा, मग भाव सांगा

बैलबाजारात वडील आधी बैलाचं तोंड उघडायचे. आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला. दात बघितल्याशिवाय सौद्याचा हात रुमालाखाली जायचा नाही.

मग पिकअपचं जुनं डिफरन्शियल घेताना ही रीत कुठं जाते? ऐन कांद्यात आमच्या गाडीचं मागनं रडायला लागलं. जुन्या मालवाल्यानं आमचं ठेवून घेतलं, वर पैसे घेतले, दुसरं दिलं. खोलून दाखवा म्हटलं, तर म्हणाला, "जुना माल हाय दादा, ग्यारंटी नाय." आमच्या क्राऊनला ४१ दात, पिनियनला ९, म्हणजे शाफ्टचे साडेचार फेरे, तेव्हा चाकाचा एक. याच्यात निघाले ३७ आणि ९. भरल्या गाडीनं घाटात दम टाकला. आत जाड ग्रीस कोंबून आवाज दाबलेला, तो वेगळाच.

जुनं विकण्यात, अदलाबदलीत पाप नाही. गरिबाची गाडी त्यावरच चालते. पाप आहे ते झाकून विकण्यात. ग्यारंटी नको, पण दात मोजू द्या. मुक्या जनावराच्या बाजारात जेवढा इमान होता, तेवढा तरी लोखंडाच्या बाजारात नको का?