भांग वेगळी, धोतरा वेगळा

मैत्रिणींनो, होळी जवळ आली की मला एक आठवण हमखास होते. एका वर्षी आमच्या वाड्यात गच्चीवर थंडाई झाली. धाकटे भाऊजी दोन पेले पिऊन खाली आले ते भिंतीशीच गप्पा मारू लागले. "भांग चढलीय, झोपला की उतरेल," म्हणत सासूबाईंनी लिंबू चोखायला दिलं. मीही हसले हो! थोड्या वेळानं अंगाला हात लावला, तर तव्यासारखं तापलेलं, पण घामाचा टिपूस नाही. डोळ्यांच्या बाहुल्या इतक्या मोठ्या, की डोळे नुसते काळे दिसत होते. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "धोतऱ्याचं बी घातलं होतं का?" घातलं होतं. कुणीतरी, रंगत यावी म्हणून.

तेव्हापासून 'सगळ्या नशा सारख्याच' हे वाक्य मला ऐकवत नाही.

एका वाचक भगिनीनं विचारलंय, सायकेडेलिक म्हणजे काय? मूळ ग्रीक शब्दांवरून अर्थ होतो 'मन प्रकट करणारं'. एलएसडी, काही अळंब्यांतलं सिलोसायबिन, काही निवडुंगांतलं मेस्कॅलीन ही खरी या घरची मंडळी. मेंदूतल्या सिरोटोनिनच्या जागी ती काम करतात. रंग, आवाज, वेळेचं भान सगळं बदलतं. पण आपण काहीतरी घेतलंय हे माणसाला बहुधा कळत असतं. स्वित्झर्लंडमध्ये आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ मध्ये एलएसडी बनवलं. त्याचा गुण कळला १९४३ मध्ये, तोही चुकून अंगात गेल्यावर. ग्रॅमच्या दहा हजाराव्या भागानंही काम होतं, म्हणून ते टपालाच्या तिकिटाहून लहान कागदावर मावतं.

भांगेचा रस्ता निराळा. हसू, भूक, गुंगी, कधी भलतीच भीती. काहीजण तिलाही याच पंगतीत बसवतात. मी तिचा पाट जरा दूरच मांडीन.

धोतरा मात्र या पंगतीतलाच नव्हे. त्यात अ‍ॅट्रोपीन, स्कोपोलामीन असतं. तोंडाला कोरड पडते, लघवी अडते, छाती धडधडते आणि माणूस खराखुरा भ्रमिष्ट होतो. समोर नसलेल्या माणसाशी बोलतो, हवेतलं काही वेचतो. आणि विष किती, हे झाडागणिक बदलतं. 'चिमूटभरच घातलं' याला काही अर्थ नाही.

अशी लक्षणं दिसली तर मीठपाणी पाजून ओकारी काढू नका, झोपवून ठेवू नका. १०८ ला फोन करा. उरलेली थंडाई बाटलीत घालून सोबत न्या, आणि डॉक्टरांपासून काही लपवू नका. "लोक काय म्हणतील" हे नंतर बघता येतं.

भाऊजी तिसऱ्या दिवशी नीट बोलू लागले. त्या रात्रीचं त्यांना आजही काही आठवत नाही. धोतऱ्याचं झाड अजून कुंपणाशी आहे. सोमवारी त्याचं फूल शंकराला वाहते. काटेरी बोंडं मात्र हिरवी असतानाच खुडून टाकते. शेजारची नातवंडं तिथंच भातुकली मांडतात ना!