प्रकाशाच्या तागडीत रक्तशर्करा

भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक १९३० साली मिळविणारे चंद्रशेखर वेंकट रामन हे त्यापूर्वी सरकारी अर्थखात्यात अधिकारी होते आणि १९१० मध्ये त्यांची नेमणूक आपल्या नागपुरात होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आयुष्यभर हिशेब तपासत आलेल्या आम्हा मंडळींना याचा अंमळ अभिमानच वाटतो. पुढे २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात त्यांनी जो शोध लावला, त्याच्या आधारे आज सुई न टोचता रक्तातील साखर मोजण्याचे प्रयत्न चालू आहेत.

पदार्थावर एकरंगी प्रकाश पाडला की त्याचा अत्यल्प अंश रंग बदलून परततो. हा बदल प्रत्येक पदार्थाचा निराळा, अंगठ्याच्या ठशासारखा असतो. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी जिवंत प्राण्याच्या त्वचेतून साखरेचा असा ठसा थेट टिपल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध केले. मात्र त्यासाठी लागलेली सामग्री प्रयोगशाळेतील होती, मनगटावर बांधण्याजोगी नव्हे.

कोरोनाकाळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर प्रकाशानेच चालतो, मग साखर का मोजता येऊ नये, अशी शंका स्वाभाविक आहे. प्राणवायू मिळताच रक्तातील हिमोग्लोबिनचा रंग बदलतो, म्हणून ते मोजमाप सोपे जाते. साखर रंगहीन असते. शिवाय १०० मिलिलिटर रक्तात ती जेमतेम १०० मिलिग्रॅम, म्हणजे हजारात एक भाग. भोवतीचे पाणी, चरबी, त्वचेचा वर्ण, घाम, हाताचे तापमान या सर्वांच्या गोंगाटात तिचा क्षीण आवाज वेगळा काढावा लागतो.

येथे मशीन लर्निंग येते. प्रकाशाच्या असंख्य नोंदी आणि त्याच क्षणी रक्त तपासून मिळालेले आकडे संगणकाला दिले जातात व त्यांतील नाते तो स्वतः शोधतो. पण त्याने शोधलेले नाते साखरेचेच असते, याची हमी काय? ज्या दुकानात रोज सायंकाळी गल्ल्यात साधारण सारखीच रोकड उरते, तेथे ती न मोजता कालचाच आकडा रोजमेळात उतरविणारा मुनीमही बहुतेक दिवशी बरोबर ठरतो. तूट येते त्या दिवशी मात्र त्याचे बिंग फुटते. साखर बहुधा ११० ते १४० च्या दरम्यान राहणाऱ्या माणसाला नित्य १२५ च्या आसपास आकडा दाखविणारे यंत्रही असेच विश्वासार्ह भासते. साखर ५५ वर उतरली तर?

आमच्या परिचयातील एका व्यापारी गृहस्थांनी असे घड्याळ घेतले आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणणेच थांबविले. ते इन्सुलिन घेतात व पर्युषणात उपवासही करतात. घड्याळाने ‘सर्व ठीक’ म्हटले आणि प्रत्यक्षात साखर घसरलेली असली, तर घाम, थरकाप, भोवळ येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. उलट आकडा चुकून जास्त दिसला व त्यावर इन्सुलिन वाढविले, तर धोका आणखीच गंभीर.

२१ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, स्पष्ट इशारा दिला की, त्वचेला छेद न देता स्वतः साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला वा अंगठीला तिने मान्यता दिलेली नाही. दंडावर चिकटवायचा सेन्सर निराळा. त्याचा केसासारखा तंतू त्वचेखाली शिरतो आणि घड्याळ वा मोबाइल केवळ त्याचा आकडा दाखवितो. जाहिरातीत हा भेद हेतुपुरस्सर पुसट ठेवलेला आढळतो.

ग्लुकोमीटरसाठी आंतरराष्ट्रीय कसोटी अशी आहे की, साखर १०० पेक्षा कमी असता १५ मिलिग्रॅमच्या आत, अन्यथा १५ टक्क्यांच्या आत, किमान ९५ टक्के मोजमापे बसली पाहिजेत. विक्रेत्याकडे नेमके याचेच कागद मागावेत, आणि साखर ७० च्या खाली असलेल्या किती रुग्णांवर यंत्र तपासले, हेही विचारावे. घरी जेवणानंतर ग्लुकोमीटरशी चार वेळा आकडे जुळले, एवढ्यावर खात्री मानू नये. ते रोकड बरोबर असलेले चार दिवस झाले. त्या गृहस्थांनी गेल्या आठवड्यात पट्ट्यांची डबी पुन्हा आणली. घड्याळ वेळ उत्तम दाखविते, असे ते म्हणतात.